आजा-आजीचं दीड एकर

या दिवाळीत आम्ही मुलाबाळांसह गावी गेलो. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करीत एस.टी. दहिवडीला पोहोचली. पुढे वडापने गाव गाठले. माण तालुका म्हणजे पावसाची कायमची उधारी. माळ, बोरी-बाभळी आणि मधेच एखादे हिरवे वावर. त्यातले दीड एकर आमचे.

आत्या बांधावर वाट पाहत होती. लहान वयात विधवा होऊन ती माहेरी आली, ती याच मातीत राबली. मुलांनी विचारले, "आजी, हे शेत कुणी घेतलं?" ती हसली. "घेतलं न्हाई बाळा, सोडवलं."

ही जमीन महार वतनाची. तिच्या बदल्यात आमच्या पणज्यांनी सरकारी टपाल वाहिले, रात्री गस्त घातली, साऱ्या गावाची हाक झेलली. वतन म्हणजे गुलामीची बेडी, हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन बिल मांडले. वतने प्रत्यक्षात संपली ती 1 ऑगस्ट 1959 पासून. जमीन नावावर राहण्यासाठी कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरायची होती. आजोबांकडे रोकड नव्हती. आजीने हातातले चांदीचे गोठ उतरवून दिले. त्यानंतर तिच्या हातात आम्ही फक्त काचेच्या बांगड्या पाहिल्या.

1972 च्या दुष्काळात विहीर आटली. आजोबा, आजी आणि आत्या तिघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले, पण जमीन गहाण टाकली नाही. त्याच मजुरीतून आमच्या वडिलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला. म्हणून आज आम्ही कचेरीत खुर्चीवर बसून कारकुनी करतो.

आता शेताजवळून रस्ता रुंद झाला आहे. गिऱ्हाईक आले आहे. मुंबईचे चुलतभाऊ म्हणतात, विकून मोकळे होऊ. आम्ही सातबारा काढून पाहिला. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. पण खरा धक्का वेगळाच होता. आजोबांच्या पश्चात वारसनोंद करताना दोन्ही मुलांची नावे लागली. आत्याचे नाव कुणी दिलेच नाही. 1956 चा वारसा कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे, आणि बापाच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले, त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर. आणि सातबाऱ्यावर मात्र आमच्याच आत्याला जागा नाही! दोष तलाठ्याचा नव्हता, आमच्या घराचा होता.

आत्या म्हणाली, "माझं नाव कशाला आता? चार दिस ऱ्हायल्यात."

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्या, गोठ तुमच्या आईचे होते."

म्हातारी गप्प झाली. मग पदराने डोळे पुसून उठली आणि ट्रंकेतून जुने कागद काढून आणले. दुसऱ्या दिवशी आम्ही वारसनोंद दुरुस्तीचा अर्ज दिला. भावांनाही कळवले : विकायचे की ठेवायचे हे पुढे बघू, आधी आत्याचे नाव.

बंधू-भगिनींनो, गावी गेलात तर आपला सातबारा एकदा काढून वाचा. आपल्या घरातल्या बाईचे नाव त्यावर आहे का, तेवढे बघा.