दातेरी रुळावरून नीलगिरीवर

मेट्टुपाळयमहून सकाळी सुटणाऱ्या नीलगिरीच्या गाडीत सगळ्यांना पुढचा डबा हवा असतो. पुढे इंजिन नसतं, डोंगर मोकळा दिसतो. मी मुद्दाम मागचा डबा धरला, कारण वाफेचं इंजिन तिथे असतं आणि तेच गाडी वर ढकलतं. कर्जतहून घाट चढताना आपल्याकडे मागे ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. इथे पुढून ओढणारं कुणीच नाही.

कल्लारपर्यंत सुपारीच्या बागा, जमीन जवळपास सपाट. कल्लार सुटलं की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी सुरू होते. गाडी मंदावते, इंजिनाखालचं दातेरी चाक पट्टीत बसतं आणि आवाजच बदलतो. आतापर्यंत खालचे दोनच सिलिंडर चाकं फिरवत होते. आता त्यांतून बाहेर पडणारी वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि दातेरी चाकं फिरवते. एकच वाफ दोनदा राबते. खिडकीतून वाकून पाहिलं तर वरचे दांडे खालच्यांपेक्षा भराभर हलताना दिसतात.

पट्ट्या दोन आणि त्यांचे दात मुद्दाम मागेपुढे ठेवलेले, म्हणजे एकाची पकड सुटायच्या आत दुसऱ्याने धरलेलं असतं. ही रचना स्विस अभियंता रोमन आब्टची. चढ काही ठिकाणी १२ फुटांना १ फूट आहे. नेरळची गाडी वळणांवर वळणं घेत दातांशिवाय माथेरान गाठते, पण इतक्या उभ्या चढावर नुसत्या गुळगुळीत चाकांच्या भरवशावर राहता येत नाही. नीलगिरीवर रेल्वे नेण्याचा विचार १८५४ पासून होता. कुन्नूरपर्यंत गाडी पोहोचायला १८९९ उजाडलं आणि ऊटीला १९०८.

मला सगळ्यांत भावले ते ब्रेक्समन. प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एकेक जण उभा. ड्रायव्हर मागे असल्यामुळे त्याला समोरची वाट दिसतच नाही. सगळ्यांत पुढचा माणूस रूळ पाहतो, झेंडा दाखवतो आणि तो इशारा डब्याडब्यातून मागे पोहोचतो. बोगदा, वळण, पूल, काहीही येवो, या माणसांची नजर हलत नाही. दरीचे फोटो काढताना आपण त्यांच्याकडे पाठ करून बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं. प्रवासी चहाकडे आणि माकडांकडे धावले. मी रुळाजवळ गेलो. पट्टीच्या दातांच्या कडा घासून चकचकीत झाल्या होत्या, खाचांत काळं वंगण साचलं होतं. एक कामगार तेलाची लांब चोचीची बुधली घेऊन सांधा न् सांधा तपासत होता. या मार्गाला २००५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पण तो टिकतो तो अशा हातांमुळे. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात याच जातीची नवी इंजिनं बांधली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. वाफ गेली तर या चढाचा निम्मा अर्थ जाईल.

कुन्नूरला दातेरी पट्टी संपते, वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. केट्टीची दरी देखणी आहे, ऊटीही आवडली. पण परतीचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं: उतरताना तेच इंजिन खालच्या अंगाला राहून सगळ्या गाडीचा भार कसा पेलतं, ते मला पाहायचं होतं.