पाच वॅटचा अँप्लिफायर आणि बाबांचा आवाज



आज विषय थोडा वेगळा आहे, स्पीकरचा. 'हे पुरुषांचं खातं' म्हणून पुढे जाऊ नका. स्पीकर घरात आला की जागा आपल्या हॉलमधली जाते, पैसा घरखर्चातूनच जातो आणि रोजची धूळही आपणच पुसतो. मग निवडताना आपण का बोलू नये?

आमच्या अमरावतीच्या जुन्या घरात सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर होता. अजूनही चालतो. त्यात दोन्ही बाजूंना ईएल ८४ नावाचा एकेक व्हॉल्व्ह आहे. हा व्हॉल्व्ह फिलिप्सने १९५० च्या दशकात आणला आणि पुढे कितीतरी रेडिओंत तो असायचा. एकटा व्हॉल्व्ह पाचेक वॅट देतो, त्याहून जास्त नाही. सोबत माझ्या खांद्याला लागतील अशा दोन सागवानी पेट्या होत्या. बाबा मंदिरात स्तवन म्हणायचे, आवाज अगदी खर्जातला. त्यांचं घरीच स्पूलवर केलेलं रेकॉर्डिंग होतं, ते नातवाने पेनड्राईव्हवर उतरवून ठेवलं. बाबांचं एवढंच आमच्याजवळ उरलं आहे.

गेल्या वर्षी आम्ही अकोल्याला लेकीजवळ फ्लॅटमध्ये राहायला आलो. जुन्या पेट्यांचे कागदी कोन पार विरले होते आणि त्या पेट्या इथल्या हॉलमध्ये मावणाऱ्याही नव्हत्या. मुलाने हौसेने नवे छोटे स्पीकर पाठवले, दिसायला फार सुरेख. जोडले, बाबांचं स्तवन लावलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं. हे ऐकत बसले आणि म्हणाले, "बाबाच आहेत, पण फोनवरून बोलून राहिले." आणि उठून गॅलरीत गेले.

माझ्या मनाला ते लागलं. मी कॉमर्सची, विज्ञान शाळेपुरतंच. पण हा विषय वाचत गेले तसं लक्षात आलं की हा सगळा जमाखर्चच आहे.

पहिली नोंद सेन्सिटिव्हिटीची. एक वॅट दिला तर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. तो ३ ने कमी झाला की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, १० ने कमी झाला तर दहापट. म्हणजे ९५ डेसिबलच्या स्पीकरला पाच वॅट दिले की जेवढं काम होतं, तेवढ्यालाच ८५ च्या स्पीकरला पन्नास वॅट लागतात. मुलाने पाठवलेले स्पीकर ८५ चे होते. स्पीकर वाईट नव्हते. मोठा पगार असलेल्या घरची राहणी पेन्शनवर चालवण्यासारखं झालं होतं.

तुम्ही म्हणाल, मग जास्त आकडा बघून घ्यावा. पण जास्त आकडा तर भोंग्याचाही असतो. गावात थोड्याशा पॉवरवर तो शिवारभर ऐकू जातो, पण त्यातून डग्गा कधी ऐकला आहे का? ६९ हर्ट्झचा स्वर घ्या. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण तिथे लागते. त्याची एक लाट जवळजवळ सोळा फुटांची असते. ती हातभर तोंडाच्या भोंग्यातून कशी निघणार? १९४० च्या दशकात अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी यावर युक्ती काढली. भोंगा पेटीच्या आत घडी करून बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दोन्ही भिंतींनाच भोंग्याचं पुढचं तोंड केलं. थोड्या वॅटवर भरपूर खर्ज, पण पेटी कपाटाएवढी.

मग १९५४ मध्ये एडगर विल्चर यांची हवाबंद पेटी बाजारात आली. लहान पेटी आणि खर्ज खोल, मात्र वॅट जास्त पिणारी. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि जगभर लहान पेट्यांचीच चलती झाली. त्याच काळातले केएलएच कंपनीचे अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम सांगतात, तो मी स्वयंपाकघरात लिहून लावला आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटवर मोठा आवाज, या तिघांतले कोणतेही दोनच मिळतील. तिसऱ्याची किंमत मोजावीच लागते.

किंमत किती, तेही कळतं. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून खर्ज आणखी एक सप्तक खाली न्यायचा तर पेटी आठपट मोठी लागते. ६० हर्ट्झला ८० लिटरची पेटी पुरत असेल, तर ३० हर्ट्झला ६४० लिटरची हवी. घरातला फ्रिज अडीच-तीनशे लिटरचा असतो, त्यावरून अंदाज करा.

इथेच मला वाट सापडली. आम्हाला ३० हर्ट्झ हवाच कशाला? बाबांचा आवाज, तंबोरा, डग्गा, सगळं ६० च्या वरच आहे. सिनेमातले स्फोट आम्हाला ऐकायचे नाहीत. गरज किती ते आधी ठरवलं की अर्धा खर्च तिथेच वाचतो. हे व्रत-नियम पाळणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग सुताराकडून जाड प्लायवूडच्या ऐंशी-ऐंशी लिटरच्या दोन पेट्या करून घेतल्या, कमरेएवढ्या उंच, पुढे खर्जासाठी छिद्र असलेल्या. आत दहा इंची कागदी कोन, ९४ डेसिबलचा. वरच्या स्वरांसाठी छोटा भोंगा. दुकानदार आधी घुमटीसारखा ट्वीटर दाखवत होता. मी विचारलं, घुमटी कशाची? "रेशमाची," तो म्हणाला. ज्यांनी रेशीम सोडलं आहे त्यांनी हे जरूर विचारावं. धातूची, कृत्रिम कापडाची किंवा कागदाची घुमटीही मिळते.

जागेसाठी हॉलमधली शोकेस काढली. लेक म्हणाली, "आई, हॉल रिकामा दिसेल." मी म्हटलं, दिसू दे. ज्यांचा हॉल खरंच लहान आहे त्यांना आणखी एक मार्ग आहे: खर्जासाठी स्वतःचा अँप्लिफायर असलेला वेगळा सबवूफर घ्यावा. तो खर्जाचं ओझं उचलतो. मग उरलेल्या आवाजाला पाच वॅट आणि मध्यम पेट्या पुरतात.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. अँप्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम असे स्क्रू असतात, स्पीकरवरचा आकडा बघून तार तिथेच जोडा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधी लावू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि बंद केल्यावरही काही वेळ शिल्लक राहते, तेव्हा झाकण जाणत्या मिस्त्रीनेच उघडावं. आणि पेटी कोपऱ्याकडे सरकवली की खर्ज फुकटात वाढतो, फार वाढला तर वीतभर पुढे ओढा.

व्हॉल्व्ह तापतात आणि उजेडही देतात. चातुर्मासात संध्याकाळी त्यावर जीव येतात. म्हणून बारीक जाळीचं झाकण करून घेतलं आहे आणि त्या चार महिन्यांत आम्ही दिवसाउजेडीच ऐकतो. नातवाचे हातही त्या जाळीमुळे सुरक्षित राहतात.

आता हे रोज दुपारी बाबांचं स्तवन लावतात. आवाज बेताचाच, खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास होत नाही. परवा अमरावतीहून नणंदबाई आल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं. स्तवन सुरू झालं आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला, बाबा खोलीत आल्यावर घ्यायच्या तसाच.

आणि हो, शोकेस अजून अमरावतीच्या घरी पडून आहे. काचा शाबूत आहेत. कोणाला हवी असेल तर कळवा.