ट्रक कोणाचा?

एमपी-थ्री गाण्याच्या शेपटाला एक चिमुकली चिठ्ठी जोडलेली असते. गाण्याचं नाव, कलाकार, वर्ष आणि अगदी शेवटी एक आकडा. १९९६ साली एरिक केंप नावाच्या प्रोग्रामरने ही चिठ्ठी बेतली, तेव्हा जगातल्या संगीताचे ८० प्रकार पाडून त्यांना क्रमांक दिले. २० म्हणजे अल्टरनेटिव्ह, ४० म्हणजे अल्टरनेटिव्ह रॉक. इंडीला, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र संगीताला, त्या यादीत जागाच नव्हती. पुढे यादी लांबत गेली तेव्हा तिच्या वाट्याला १३१ आला. रात्री जुन्या गाण्यांची आवराआवर करायला बसलो की मी या तीन आकड्यांपाशी अडतो. द स्मिथ्स हा बँड कुठे ठेवायचा? आर.ई.एम. कुठे? घराण्यांवरून पहाटेपर्यंत भांडणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण तिथे निदान गुरू कोण हे विचारता येतं. इथे काय विचारायचं?

ब्रिटनने एकेकाळी अगदी साधा प्रश्न विचारला होता: माल कोणाच्या ट्रकमधून आला?

जानेवारी १९८० मध्ये तिथे इंडी रेकॉर्डची वेगळी यादी सुरू झाली. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचलेली रेकॉर्डच तिच्यात यायची. गिटार कशी वाजते, गाणारा हळवा आहे की चिडलेला, याची चौकशी नव्हती. म्हणून दशकाच्या अखेरीस एक गंमत झाली. कायली मिनोगची चकचकीत, नाचरी पॉप गाणी याच यादीच्या डोक्यावर जाऊन बसली. तिची कंपनी पीडब्ल्यूएल आणि तिचा वितरकही स्वतंत्र होता. नियमात चोख बसत होतं सगळं. केस डोळ्यांवर आलेली, मळक्या स्वेटरमधली पोरं मात्र कळवळली. इंडी म्हणजे आम्ही, ही बाई कुठून आली?

मी त्या बाईच्या बाजूचा आहे. म्हणजे तिच्या गाण्यांच्या नव्हे, त्या नियमाच्या. त्याच्यामागे एक खरी गोष्ट होती. डिसेंबर १९७६ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने सुमारे पाचशे पौंड उसने जमवून चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्याच महिन्यात 'स्पायरल स्क्रॅच' या नावाने स्वतःच बाजारात आणली. पहिल्या हजार प्रती बघता बघता संपल्या. लहान कंपन्या त्याआधीही होत्या. एल्विस प्रेस्लीची सुरुवात मेम्फिसच्या अशाच एका कंपनीत झाली. पण लहान असण्याचा अभिमान नवा होता. स्क्रिटी पोलिटी या बँडने १९७८ मध्ये पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर खर्चाचा हिशेबच छापला. पाहा, एवढ्यात होतं, तुम्हीही करा. वाण्याच्या चोपडीतलं पान कुणी भिंतीवर लावावं, तसा तो कागद मला दिसतो, आणि त्यातलं संगीतही मला त्या हिशेबापासून वेगळं ऐकू येत नाही.

पण रेकॉर्ड काढणं सोपं, ती दूर यॉर्कच्या दुकानात पोचवणं अवघड. लंडनच्या रफ ट्रेडने यॉर्कच्या रेड ऱ्हायनो, ब्रिस्टलच्या रिव्हॉल्व्हर, नॉरिचच्या बॅक्स अशा गावोगावच्या वितरकांशी हात मिळवले आणि 'द कार्टेल' नावाचं जाळं विणलं. इंडीची सरहद्द खरं तर या खोक्यांच्या वाटांनी आखली होती.

मग ती सरहद्द कानात कधी शिरली? बहुतेक जण १९८६ कडे बोट दाखवतात. एनएमई या साप्ताहिकाने त्या वर्षी सी-८६ नावाची बावीस गाण्यांची कॅसेट काढली आणि तिचं नाव एका आवाजाला चिकटलं: किणकिणती गिटार, लाजरा गळा, जरा सैल ताल. मजा अशी की कॅसेट पुरती ऐकली तर निम्मी गाणी या वर्णनात बसतच नाहीत. बिग फ्लेम किंवा स्टंप ऐका. तिथे गिटार किणकिणत नाही, ओरबाडते. तरी वर्णन टिकलं, कारण आवाजाची नक्कल करता येते, ट्रकची करता येत नाही. अर्थात पुढे तीही झाली. व्हर्जिनसारख्या बड्या कंपनीने हट नावाचं छोटं लेबल काढून त्याचा माल स्वतंत्र वितरकांमार्फत पाठवला.

अमेरिकेत अल्टरनेटिव्हची हद्द रेडिओच्या पट्टीवर होती, आणि अगदी शब्दशः. तिथे एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा डावा टोकाकडचा पट्टा बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे. महाविद्यालयांची छोटी केंद्रं तिथेच. जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावातून आलेले आर.ई.एम. याच पट्ट्यात वाढले. काटा किंचित उजवीकडे सरकवला की जाहिराती सुरू. सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्डने 'मॉडर्न रॉक'ची यादी सुरू केली. १९९१ मध्ये ग्रॅमीने अल्टरनेटिव्हसाठी वेगळं पारितोषिक ठेवलं. ते पहिलंच मिळालं शिनेड ओ'कॉनरला, आणि तिने नाकारलं. त्या प्रकाराची याहून नेमकी व्याख्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम सब पॉप या सिअॅटलच्या छोट्या लेबलने काढला. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर. दुसरा, 'नेव्हरमाइंड', गेफेनसारख्या बड्या घरचा. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. आता पर्याय कशाला होता, आणि कोणाला? चार वर्षांनी इंग्लंडमध्ये ओएसिस नेबवर्थच्या मैदानात दोन रात्री मिळून अडीच लाख लोकांसमोर वाजवत होते, आणि त्यांना सगळे इंडी म्हणत होते. त्यांच्या क्रिएशन कंपनीचा ४९ टक्के हिस्सा तेव्हा सोनीकडे होता. त्यांचं 'वंडरवॉल' मलाही आवडतं. १३१ मात्र मी देणार नाही.

आपल्याकडे इंडी म्हणजे सिनेमाबाहेरचं, एवढंच. त्यात गझल येते, रॅप येतं, पुण्याच्या एनएच-सेव्हन वीकेंडर महोत्सवात वाजलेलं जवळपास सगळं येतं. इंग्लंडातला सी-८६वाला हे ऐकून हसेल. मला मात्र यात तो जुना ट्रकचाच प्रश्न ऐकू येतो: पैसे कोणाचे, गाणं कोणाचं? दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमासाठी 'बंदे' केलं. तेच वादक, तोच दमदार ठेका. ते झालं सिनेमाचं गाणं. २०१० मध्ये त्यांनी '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम काढला. नाव करोलबागेतल्या त्यांच्या तालमीच्या बंगल्याच्या पत्त्यावरून ठेवलेलं. आणि तो विकलाच नाही. दर महिन्याला एकेक गाणं इंटरनेटवर फुकट उतरवून घ्यायला ठेवलं. त्यात ना लाजरा गळा, ना किणकिणती गिटार. लोकसंगीत, तबला आणि खर्जातला बास.

त्यातल्या प्रत्येक गाण्याला मी १३१ दिला आहे.