अंगुस्तान

१९९१ साली राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात मला म्हाताऱ्या शिंप्याची भूमिका मिळाली. माझं वय तेवीस. आमचे दिग्दर्शक अण्णा म्हणाले, "‘कोहिनूर’साठी दिलीपकुमार सतार शिकले. तू निदान सुई धरायला शीक."

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मास्टरांचं दुकान होतं. दिवाळी जवळ आलेली, आत पाय ठेवायला जागा नाही. तरी त्यांनी गठ्ठे सरकवून मला स्टूल दिलं. "बस, बघ. मध्ये बोलू नकोस, माप चुकतं."

पंधरा दिवस रोज संध्याकाळी बसलो. कानावरचा खडू, गळ्यातली मापपट्टी, सुईत ओवण्याआधी ओठांत धरलेला दोरा, सगळं वहीत टिपलं. घरी आरशासमोर करून बघायचो. हुबेहूब जमायचं, आणि तरी खोटं वाटायचं.

एकदा मास्टरांनी वही मागून घेतली. वाचून म्हणाले, "हे नुसतं हातांचं लिहिलंयस. आता बेतताना बघ."

कोटाचं कापड पसरलं. खडूच्या रेघा मारून झाल्या. कातर उचलली आणि ते थांबले. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा डावा तळवा त्यांनी कापडावरून फिरवला. मग कातर चालली ती थेट शेवटपर्यंत.

"शिवण उसवता येते बाबा, कापलेलं सांधता येत नाही. चाळीस वर्षं झाली, पण या घडीला भीती वाटतेच."

माझा शिंपी त्या भीतीपासून सुरू झाला. पाठ वाकवावी लागली नाही, ती वाकली. भावे नाट्यमंदिरात प्रयोगाच्या वेळी मी कापडावर तळवा ठेवला, तेव्हा समोरचा काळोखही माझ्याबरोबर थांबल्यासारखा वाटला.

मास्टर शेवटच्या रांगेत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दोरा दातानं तोडलास. मी कधी तोडत नाही. आणि बोट उघडं होतं." मग आपल्या बोटातलं पितळी अंगुस्तान काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

पुढे डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’ वाचलं. कान-नाक-घशाचे हे शल्यचिकित्सक वैद्यकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि १९७० साली ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर झाले. नट म्हणजे लमाण, लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा, ही त्या नावामागची कल्पना. वाचताना मला मास्टर आठवले. माझ्या पाठीवरच्या ओझ्यात लेखकाच्या शब्दांबरोबर त्यांचा तो तळवाही होता.

त्यानंतर मी एसटीचा कंडक्टर केला, शाळेचा शिपाई केला. प्रत्येक वेळी आधी कुणाच्या तरी जवळ स्टूल मागून बसलो. आज मास्टर नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलचं शोरूम आहे. अंगुस्तान मात्र माझ्या मेकअपच्या पेटीत आहे. माझ्या बोटाला ते तेव्हा सैल होत होतं. अजूनही होतं.