दाखल्याची पाठ

अंबरनाथहून सकाळची लोकल पकडून आम्ही तिघे निघालो. दादा, त्यांची मुलगी आणि तिचे काका म्हणजे आम्ही. पोर नर्सिंग शिकलेली. दुबईच्या एका इस्पितळात तिची जागा ठरली होती. पदविका साक्षांकित करून महिन्याच्या आत पाठवा, असे तिकडून कळवले होते.

ती पदविका दादांनी हातात पडली त्याच दिवशी लॅमिनेट करून घेतली होती. आमच्या पत्र्यातून पाणी गळते. एका पावसाळ्यात पेटीतल्या कागदांचा लगदा झाला होता, तो धडा ते विसरले नव्हते.

सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या सरकारी कचेरीत पोचलो. खिडकीवरच्या कारकुनाने कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, "शिक्का पाठीवर मारतात. प्लास्टिकवर कसा मारू?" आवाज चढवून बोलला नाही, तरी दादांचा चेहरा उतरला. बाहेर बाकावर बसून आम्ही एक कोपरा सोलून पाहिला, तर प्लास्टिकबरोबर शाईही निघू लागली. हात तिथेच थांबवला.

रांगेत चिपळूणचे एक गृहस्थ होते, मुलाला ओमानला धाडणारे. टपरीवर चहा घेता घेता सगळा प्रकार त्यांनीच समजावून दिला. पुढे आम्ही तो पडताळूनही पाहिला. यात प्रत्येक सही फक्त आधीच्या सहीची ओळख देते. शिक्षणाचा कागद आधी राज्याच्या शिक्षण खात्याकडे जातो, जन्माचा किंवा लग्नाचा दाखला गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडे. नंतर दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय. पोर किती शिकली हे मंत्रालय तपासत नाही, खालच्या अधिकाऱ्याची सही खरी आहे एवढेच सांगते. म्हणूनच मधली पायरी गाळता येत नाही.

पुढची वाट देशागणिक बदलते. हेग शहरात ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार झाला, भारत त्यात २००५ साली आला. करारातल्या देशांसाठी मंत्रालय कागदाच्या पाठीवर एक चिकटपट्टी लावते, तिला अपोस्टील म्हणतात. ती असली की त्या देशाच्या वकिलातीत जावे लागत नाही. ओमान करारात आहे, सौदी अरेबिया २०२२ पासून आला. दुबई ज्या अमिरातीत येते तो देश नाही. तिथल्यासाठी मंत्रालयाचा साधा शिक्का आणि त्यावर अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का लागतो. आमच्या वस्तीतला एजंट मात्र "अपोस्टील करून देतो, नऊ हजार पडतील" असे सांगून गेला होता! अपोस्टीलची सरकारी फी कागदामागे पन्नास रुपये, साधा शिक्का तर फुकट. वर संस्थेचा सेवाआकार, आणि वकिलातीची फी वेगळी.

परतताना कुर्ल्याला उतरून आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातले विदेश भवन गाठले. परराष्ट्र मंत्रालयाच्या मुंबईतल्या कचेऱ्या २०१७ पासून तिथे एकत्र आहेत. काचेची मोठी इमारत, पोर बघतच राहिली. पण चूक आमचीच होती. २०१२ पासून हे कागद मंत्रालय थेट माणसाच्या हातून घेत नाही, नेमलेल्या संस्थांच्या केंद्रांवर द्यावे लागतात. दारावरच्या शिपायाने ते सांगितले, वर पाणीही विचारले.

दुसऱ्या दिवशी दुय्यम प्रतीचा अर्ज केला. इस्पितळाला पत्र धाडून मुदत मागितली, तीन आठवडे मिळाले. नवी प्रत हाती आली तेव्हा मुदतीतले नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत घरात कोणी धड जेवले नसेल.

शेवटचा शिक्का बसला त्या संध्याकाळी पोरीने कागद उलटा धरला आणि पाठच वाचत बसली. पुढची बाजू तिला पाठ होती. दादांनी बटणाची जाड पिशवी आणली होती. कागद आत सरकवता सरकवता त्यांनी आम्हाला विचारले, "ही चालेल ना रे? चिकटणार तर नाही?"