रेशनवरचा फोन

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी शेजारणीकडे फोन करायचा नाही, हे यूटात घर घेतल्यावर मला लवकरच कळलं. त्या दिवशी मदर्स डे. तिचा थोरला मॉर्मन मिशनरी म्हणून फिनलंडला गेला होता, दोन वर्षांसाठी, आणि त्या दोन वर्षांत घरच्यांशी बोलायची मुभा फक्त नाताळला आणि मदर्स डेला. एरवी आठवड्याला एक ईमेल.

आमच्या भागात मुलगा एकोणीस वर्षांचा झाला (2012 पासून अठरा) की अर्ज भरतो. कुठं जायचं ते चर्च ठरवतं. तेव्हा सॉल्ट लेक सिटीहून मोठं पांढरं पाकीट यायचं आणि ते फोडायला सगळं गणगोत जमायचं. कुणी पेरू म्हणायचं, कुणी तैवान. माझे वडील बँकेत होते. बदलीची ऑर्डर आली की आमचंही घर असंच गोळा होई, पण टाळ्या कुणी वाजवल्याचं आठवत नाही. इथं पगार नाहीच, उलट खर्च मुलाच्या साठवणीतून नाहीतर घरच्यांच्या खिशातून. प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा घोटायची आणि निघायचं. साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद, टीव्ही नाही, मैत्रीण नाही, जोडीदार मिशनरीला नजरेआड करायचं नाही. पहिलं नाव दोन वर्षं गुंडाळून ठेवायचं. काळ्या बिल्ल्यावर नुसतं ‘एल्डर’ आणि आडनाव.

अशी एखादी जोडी आमच्याही दारी येते. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य, म्हणजे मराठी घराचं आतिथ्य पहिल्याच पायरीवर अडतं. मी कोकम सरबतावर भागवते. विशीही न गाठलेल्या पोरानं मला जन्ममरणाचं कोडं उलगडून सांगावं, हे अजून पचत नाही. पण गॅरेजमधलं कपाट हलवायचंय म्हटलं की तीच पोरं बाह्या सरसावून पुढं होतात, मग वाद घालायला तोंड उरत नाही.

ह्या मंडळींचा पुण्याशी जुना संबंध आहे. ह्यू फिन्डले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला आणि तिथं त्यानं अनुयायांची छोटीशी मंडळीही उभी केली. मी पुण्याच्या लष्कर भागात वाढले आणि हे मला कळलं ते यूटात येऊन! त्याची पत्रं जहाजानं जायची. त्याच्या मानानं वर्षाला दोन फोन म्हणजे चैनच.

शेजारणीचं ते फोनपाशी बसणं मला मात्र चैन वाटलं नाही, ओळखीचं वाटलं. 1991 मध्ये मी सॉल्ट लेकला शिकायला आले तेव्हा पुण्याला फोन म्हणजे मिनिटामागे डॉलरच्या वर. आई ‘जेवलीस का’ विचारी, बाबा मागून ‘बिल चढतंय’ म्हणत, भाऊ रिसीव्हर ओढून घेई तोवर वेळ संपलेली. एवढ्याशा वेळात रडगाणं कोण गाणार? सगळं छान आहे, एवढंच बोलायची सवय लागली. आता माझी लेक रोज बॉस्टनहून चालता चालता फोन करते. निम्मा वेळ मी रस्त्यावरचे हॉर्न ऐकते.

फेब्रुवारी 2019 मध्ये चर्चनं नियम बदलला. आता दर आठवड्याला फोन करता येतो, व्हिडिओसुद्धा. बातमी सांगायला शेजारीण स्वयंपाकाचे हात न पुसता आमच्या दारात आली होती. धाकटा फिलिपाईन्सला गेला तो ह्या नव्या नियमात. आठवड्याच्या आठवड्याला त्याचा चेहरा दिसू लागला, आणि चेहरा दिसला की आईपासून काय लपतं? तो झोपत नव्हता, खात नव्हता. वर्ष व्हायच्या आत परत आला. थोरला आला होता तेव्हा विमानतळावर फुगे, फलक, आजी-आजोबा, अख्खी गल्ली. धाकट्याला आणायला ती एकटीच गेली. मुदतीआधी आलेल्या मुलाला इथं कुणी वाईट बोलत नाही, त्याच्याबद्दल कुणी विचारतच नाही. त्यापेक्षा चार शब्द बोललेले परवडले.

‘मग जुना नियम बरा होता का गं?’ मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, तिनंही परवा थोरल्याला विचारलं होतं, तुला असं कधी झालं होतं का? तो म्हणाला, पहिल्या हिवाळ्यात रोज रात्री. मग बोलला का नाहीस? तर म्हणे, वर्षाला दोन फोन, त्यात आजी, मावशी, कुत्रासुद्धा रांगेत, रडू कधी?

मला हसू आवरेना. माझ्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं होतं आणि मी पुण्याला पत्ता लागू दिला नव्हता. खूप वर्षांनी आईला सांगितलं. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, ‘‘माहीत होतं. तेव्हाची तुझी पत्रं डाव्या हाताची होती. ह्यांना मुद्दाम बोलले नाही, उगाच फोन लावून बसले असते.’’