आठ आणि अपलिंकमधली रेघ

२००३ साली प्रकाशा गावातल्या एका कचेरीत दोन मजल्यांवरचे कॉम्प्युटर जोडायचं काम मी अंगावर घेतलं. दोन्हीकडे आठ पोर्टांचा एकेक स्विच, आणि शेवटी एक जादा पोर्ट, ‘अपलिंक’ लिहिलेला. अप म्हणजे वर. खालच्या अपलिंकमधून वायर काढली, वर नेली, तिथल्याही अपलिंकमध्ये खोचली. दिवा लागला नाही.

मी वायरवर संशय घेतला. टोकं कापली, नवे कनेक्टर लावले. मग उंदरांवर संशय. शहाद्याहून दुसरी वायर आणून पुन्हा ओढली. दोन दिवस कचेरीचा हिशेब वहीवर चालला. शेवटी वैतागून वरचं टोक साध्या पोर्टात घातलं, तर दिवा लागला.

कारण पुढे समजलं. कॉम्प्युटर १ आणि २ नंबरच्या तारांवरून बोलतो, ३ आणि ६ वरून ऐकतो. स्विचच्या साध्या पोर्टात हे उलटं असतं, म्हणून दोघांचं जमतं. साध्याला साधा जोडला की बोलणारे समोरासमोर येतात. म्हणून अपलिंकमध्ये उलट्याचं सुलट केलेलं, पण एकाच टोकाला वापरायचं. मी दोन्हीकडे वापरून भांडण पुन्हा लावलं होतं.

पण वर दिवा लागला तेवढ्यात खाली कॅशियरच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क बंद. तो आठ नंबरवर होता. आठ आणि अपलिंक यांच्यामध्ये बारीक रेघ छापलेली होती: पोर्ट एकच, तोंडं दोन, वापरा कुठलंही एक. मला ती नक्षी वाटली होती. माहितीपत्रक मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातलेलं. वायरचे पैसे खिशातून गेले, आणि त्या कचेरीचं पुढचं काम दुसऱ्याला.

नंतर उलटसुलट आपोआप ओळखणारे स्विच आले. मी सांगत सुटलो, अपलिंक आता नुसतं नाव. मग एके ठिकाणी चोवीस पोर्टांचा स्विच लावला. चोवीस पोर्ट १०० मेगाबिटचे, कडेचे दोन अपलिंकचे, १००० चे. जुन्या धसक्याने मी ते दोन टाळले आणि सर्व्हरकडची वायर साध्या पोर्टात दिली. सगळ्यांची वाहतूक त्या एका बोळातून. तीन महिने तक्रारी आल्या, तीन महिने मी इंटरनेटवाल्यांना शिव्या दिल्या. गोमाई तापीला मिळते त्या गावात वाढलेला मी. संगमाखाली पात्राला दोन्ही नद्यांचं पाणी वाहावं लागतं, हे लहानपणापासून बघत होतो.

स्विच उघडायला गेलो, तेव्हा त्या दोन पोर्टांत फक्त धूळ होती.